उद्याच्या चित्रात कोयता कुठे आहे?

भविष्याचं चित्र काढणं आजच्याइतकं सोपं कधीच नव्हतं, आणि ते आजच्याइतकं वाईटही कधी निघत नव्हतं. बारडोली-सुरत रस्त्यावर उसाच्या फडांलगतचे फलक पाहा. प्लॉटिंग असो, औद्योगिक वसाहत असो की ‘विकसित भारत २०४७’ असो, सगळीकडे तीच निळसर काच, तेच मनोरे आणि तीच कधी न सुकणारी हिरवळ. पूर्वी निदान आर्किटेक्टच्या कचेरीत कोणीतरी रात्री जागवून ही चित्रं घडवत असे. आता संगणकाला चार शब्द सांगितले की दहा चित्रं हजर होतात. त्यांतली माणसं जरा जवळून पाहावीत. ती बहुतेक पाठमोरी असतात, चेहरा असला तरी कोणाचा म्हणून ओळखू येत नाही, आणि हात रिकामे असतात. फार तर मोबाइल नाहीतर खरेदीची पिशवी. तिथे कोणी काही करत नसतं. सगळं कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं.

ही चित्रं दुसरीकडे कुठे पाहिली असती तर मी एवढा चिडलो नसतो. पण इथून जवळच, तापीकाठी हरिपुरा आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथे काँग्रेसचं ५१वं अधिवेशन भरलं, त्यासाठी विठ्ठलनगर वसलं, आणि गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोसांनी त्या नगरासाठी चित्रं रंगवली. आपल्या खानदेशात, फैजपूरला, १९३६च्या अधिवेशनाची सजावट त्यांचीच होती. तरी हरिपुऱ्याची गोष्ट वेगळी. हातकागदावर टेम्पेरा, वर महिरप, आणि महिरपीखाली एकच माणूस, चौकट भरून. ढोलवाला, पिंजारी, सुतार, कांडण करणारी बाई, नांगर धरलेला शेतकरी. ढोलवाल्याचं चित्र घ्या. कुंचल्याची जाड रेघ पाठीवरून सुरू होते आणि ढोलाच्या गोलाईशी येऊन भिडते. वादक कुठे संपतो आणि वाद्य कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. हरिपुऱ्यात जवळजवळ कोणाचाच हात रिकामा नाही. ही चित्रं दालनात नव्हती, दारांवर आणि मांडवांवर होती. बैलगाडीतून आलेल्या माणसाला आत शिरतानाच आपल्यासारखाच कोणीतरी डोक्यापेक्षा उंच लावलेला दिसत होता.

त्याच विठ्ठलनगरात सुभाषबाबूंनी अध्यक्षीय भाषणात नियोजनाचा आणि उद्योगीकरणाचा आग्रह धरला. ऑक्टोबर १९३८ मध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समितीही झाली. म्हणजे एकाच अधिवेशनात दोन भविष्यं मांडली गेली, एक दारावर आणि एक व्यासपीठावर. व्यासपीठावरचं जिंकलं. दारावरचं पुढे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलं. २०१९ मध्ये ते व्हेनिस बिएनालेच्या भारतीय दालनात झळकलं. त्या दालनाच्या शीर्षकातच भविष्याची काळजी होती. तरीही कौतुक झालं ते हरवलेल्या खेड्याच्या गोडव्याचं. माझ्या मते हे वाचन साफ चुकीचं आहे. उद्याचा देश कोणाच्या हातांनी उभा राहणार, याचा इतका स्पष्ट आराखडा त्या दशकात दुसऱ्या कोणी काढलेला मला ठाऊक नाही.

त्या आराखड्यात एक भगदाड मात्र होतं. बारडोलीच्या शेतात तेव्हा नांगर धरत होता तो बहुतांशी हळी, पाटीदार आणि अनाविल जमीनदारांकडे पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला दुबळा जमातीचा मजूर. १९२८चा बारडोली सत्याग्रह शेतसारा भरणाऱ्यांचा होता, या हळीचा नव्हता. नंदलालांचा नांगऱ्या ताठ आणि मोकळा आहे. हरिपुऱ्याच्या आसपासचा खरा नांगऱ्या मोकळा नव्हता. चित्राने त्याला जागा दिली, पण हे चित्र कसं असावं असं त्याला कोणी विचारलं नाही.

तो प्रश्न आज कोण विचारतंय, हे पाहण्यासाठी मी अलीकडचं काम धुंडाळतो. दालनांतल्या अंधाऱ्या खोल्या, प्रोजेक्शन, निऑन, ‘पोस्ट-ह्यूमन’ मांडण्या यांत मला काहीच सापडत नाही. त्या फलकांच्याच श्रीमंत बहिणी आहेत. चित्रकार सुधीर पटवर्धनांबद्दल मला अपार आदर आहे. ‘रनिंग वुमन’पासून ‘लोअर परळ’पर्यंत त्यांनी श्रमिकाचं शरीर कधी सोडलं नाही. पण तेही बघणाऱ्याच्या जागेवरून रंगवतात, आणि ते स्वतः हे कधी लपवत नाहीत.

मला खरी उमेद वाटते ती दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण डहाणूजवळचं गंजाड. वारली चित्रकार राजेश वांगड आणि छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३पासून ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका केली. गिलबाईंनी कृष्णधवल छायाचित्रं काढली आणि त्यांवर वांगडांनी शाईने आपली चित्रं भरली. छायाचित्रात एक उजाड माळ असतो, काहींत वांगड स्वतः उभे असतात. त्या मोकळ्या जागेत मग झाडं येतात, देव येतात, जुनी भांडणं येतात, जमिनीवर चाल करून आलेलं जग येतं. कॅमेऱ्याला जे रिकामं दिसलं ते रिकामं नव्हतंच, हे प्रत्येक इंचात सिद्ध होतं. ज्या पालघर जिल्ह्यातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग जातो तिथेच हे काम झालं, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं. प्रकल्पाच्या नकाशावर जमीन कोरीच असते.

दुसरं नाव भुरीबाईंचं. झाबुआकडची ही भिल्ल बाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला आली होती. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी तिला चित्रं काढायला सांगितलं, आणि २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. ही कथा नशिबाची म्हणून सांगितली जाते. मला त्यात पुरावा दिसतो. कलेची इमारत बांधणाऱ्या हातांत चित्रकार आधीपासूनच होता. त्या एका बांधकामावर कोणीतरी विचारलं. इतर हजारो बांधकामांवर कोणीच विचारत नाही.

बारडोलीतही विचारत नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नंदुरबार, धुळे आणि डांगमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या इथल्या सहकारी साखर कारखान्यांसाठी उतरतात. समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकातच त्यांच्यावर सविस्तर लिहून ठेवलं आहे. नवरा तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते, पोर हाताखाली असतं, आणि मुकादमाच्या हिशेबात हे सगळं मिळून ‘एक कोयता’. हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत पाल हेच घर. याच माणसांच्या श्रमावर हा तालुका श्रीमंत झाला. सहकाराच्या स्वप्नात ऊस पिकवणारा मालक होता. तो तोडणारा आजही मालक नाही. आणि उद्याच्या चित्रांत तर तो मजूर म्हणूनही उरलेला नाही. अंत्रोळीच्या बुलेट ट्रेन स्थानकाच्या दर्शनी भागावर सुरतेचा हिरा आहे; घंटीवर मान मोडून हिऱ्याला पैलू पाडणारा रत्नकलाकार कुठल्या दर्शनी भागावर आहे?

हे समाजशास्त्र झालं, समीक्षा नव्हे, असं माझे काही मित्र म्हणतील. मला हा भेद मान्य नाही. चित्रात कोण आहे, कोणाच्या हातात काय आहे आणि कुंचला कोणी धरला आहे, हे प्रश्न रंग-रेषेइतकेच चित्राचे आहेत. फलकांवरची चित्रं रेघेच्या पातळीवर फसतात ती याचमुळे. काम करणाऱ्या शरीराला वजन असतं, तोल असतो, ताण असतो. रिकाम्या हातांच्या बाहुल्यांना काहीच नसतं, म्हणून रेघही मेलेली निघते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. साखर कारखान्यांना लांबच लांब कुंपणभिंती आहेत, आणि त्यांच्या बाहेरच टोळ्यांची पालं पडतात. त्या पालांत वारली, भिल्ल, कोकणी, मावची घरांतली माणसं आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या गावी भिंती रंगवण्याची रीत आजही जिवंत आहे. कारखान्यांनी येत्या हंगामात या भिंती त्यांना द्याव्यात, रंग द्यावेत, आणि त्या दिवसांची मजुरी तोडणीच्या दराने रोख द्यावी, उचलीत वळती न करता. विषय त्यांनी ठरवावा. बारडोलीचा २०४७ त्यांना कसा दिसतो, किंवा दिसतो तरी का, ते त्यांना काढू द्यावं, आणि ती भिंत पुढचा हंगाम येईपर्यंत कोणी पुसू नये.