गृहयंत्राची आज्ञाभाषा आणि झाडीबोली : एक परीक्षण

१

घरातील दिवा, पंखा, पडदे आणि गाणी किंवा चित्रपट दाखविणारे यंत्र ही सर्व एका सूत्रात गुंफून केवळ बोलून चालविता यावीत, अशी व्यवस्था आता आपल्याकडेही रुळू लागली आहे. ॲमेझॉन कंपनीची अलेक्सा ही यंत्रणा भारतात २०१७ साली आली आणि २०१९ साली ती हिंदीतून ऐकू लागली. गूगलच्या सहायकाने २०१८ साली मराठीचा स्वीकार केला. याखेरीज ‘होम असिस्टंट’ नावाची एक मुक्त प्रणाली आहे. पाउलस स्खाउत्सेन यांनी २०१३ साली तिचा आरंभ केला. ही प्रणाली कोणा कंपनीच्या दूरस्थ संगणकावर विसंबून न राहता घरातल्याच लहान संगणकावर चालू शकते. तिच्या चालकांनी २०२३ हे वर्ष ‘वाणीचे वर्ष’ म्हणून पाळले आणि जगातील अनेक भाषांतील आज्ञावाक्ये स्वयंसेवकांच्या साहाय्याने जमविण्यास प्रारंभ केला.

या सर्व गोष्टी विद्युत्शास्त्राच्या प्रांतातील आहेत, भाषेच्या अभ्यासकाने त्यांत लक्ष घालण्याचे कारण नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु या व्यवस्थेच्या मध्यभागी तारा नसून वाक्ये आहेत. कोणते वाक्य आज्ञा म्हणून ग्राह्य धरावे आणि त्याचा कोणता अर्थ लावावा, हे ठरविणारा एक लिखित आज्ञासंच तेथे असतो. तो एक प्रकारचा ग्रंथच होय, आणि कोणत्याही ग्रंथाप्रमाणे त्याचे परीक्षण होऊ शकते. गोंदिया जिल्ह्यातील मराठी बोलणाऱ्या माणसाला हा ग्रंथ कितपत आपला वाटेल, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे.

२

या यंत्रणेच्या कार्याच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम ध्वनीचे अक्षरांत रूपांतर होते. नंतर त्या अक्षरांवरून बोलणाराचा हेतू ओळखला जातो. अखेरीस तो हेतू संबंधित यंत्रास कळविला जातो. ‘कोडी’ हे चित्रपट व संगीत चालविणारे प्रसिद्ध साधन (२०१४ पूर्वी त्याचे नाव ‘एक्सबीएमसी’ असे होते) घरातल्या जाळ्यावरून असे निरोप स्वीकारते. चालू कर, थांबव, पुढचे घे, आवाज इतका ठेव, एवढ्या मोजक्या निरोपांत त्याचा बहुतेक व्यवहार आटोपतो. तिसरी पायरी भाषानिरपेक्ष असल्यामुळे ती बाजूस ठेवू. आपला संबंध पहिल्या दोहोंशी आहे.

दुसऱ्या पायरीवरील आज्ञासंचाची घडण मुळात इंग्रजीतील हेतूंच्या यादीवर झालेली आहे. ‘सुरू करणे’, ‘बंद करणे’, ‘उघडणे’, ‘मिटणे’ असे हेतू आधी ठरतात आणि मग प्रत्येक भाषेने त्यांच्यापुढे आपापली वाक्ये मांडावयाची असतात. दोष शोधावयाचा तो येथे. कारण मराठी क्रियापदे या खणांत नीट बसत नाहीत.

३

‘लावणे’ हा धातू घ्या. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशापासून आजवर कोशकार या धातूच्या अर्थांची लांबलचक यादी देत आले आहेत. दिवा लाव म्हणजे तो पेटव. गाणे लाव म्हणजे ते वाजू दे. परंतु दार लाव म्हणजे ते बंद कर. चित्रपट पाहावयास बसलेला मनुष्य सहज म्हणेल, “पडदा लाव, दिवा बारीक कर, सिनेमा लाव.” यातील पहिल्या ‘लाव’चा हेतू मिटण्याचा आहे आणि शेवटच्याचा सुरू करण्याचा. ज्या भाषांतरकाराने ‘लाव’पुढे केवळ ‘सुरू करणे’ असे लिहून ठेवले असेल, त्याच्या घरात पडदा नेमका उघडेल. येथे क्रियापदाचा अर्थ कर्मावाचून ठरतच नाही. म्हणून आज्ञासंच क्रियापदांचा न करता कर्म व क्रियापद यांच्या जोड्यांचा केला पाहिजे. मुळापासून मराठीत विचार केला असता तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात आली असती.

‘हळू’ या शब्दाचेही असेच आहे. ‘हळू चाल’ यात वेग कमी करावयाचा आहे, ‘हळू बोल’ यात बहुधा आवाज. मग ‘गाणे हळू कर’ म्हटल्यावर यंत्राने काय करावे? वाजविण्याचा वेग आणि आवाजाची पातळी या दोन्ही गोष्टी कोडीत स्वतंत्रपणे बदलता येतात. माणूस प्रसंगावरून अर्थ जाणतो. यंत्राला कोणता अर्थ आधी धरावयाचा ते सांगून ठेवावे लागते, आणि हा निर्णय भाषा जाणणारानेच केला पाहिजे. ‘पुढे ने’ म्हणजे त्याच गाण्यात पुढे सरकणे की पुढचे गाणे घेणे, ‘थांब’ म्हणजे क्षणभर विसावणे की अजिबात बंद होणे, हेही त्याच जातीचे प्रश्न होत.

४

दुसरा दोष व्याकरणाचा आहे. आज्ञावाक्यात यंत्राच्या नावासाठी एक रिकामी जागा सोडलेली असते आणि तेथे नोंदविलेले नाव जसेच्या तसे यावे अशी अपेक्षा असते. इंग्रजीत हे सोयीचे आहे. मराठीत नाम विभक्तिप्रत्ययापूर्वी आपले रूप पालटते. ‘पंखा’ हा ‘पंख्याचा वेग’ यात पंखा राहत नाही. ‘पडदा’ ‘पडद्याला’ यात पडदा राहत नाही. ‘स्वयंपाकघर’ ‘स्वयंपाकघरातला’ होते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्या सामान्यरूपाची चर्चा विस्ताराने आढळते, त्या सामान्यरूपाची येथे दादच लागत नाही. नावाची पर्यायी रूपे नोंदविण्याची सोय होम असिस्टंटमध्ये आहे खरी, पण प्रत्येक गृहस्थाने आपल्या पंख्याची विभक्तिरूपे हाताने लिहीत बसावे, ही काही व्यवस्था नव्हे.

आज्ञार्थाचाही विचार केला पाहिजे. लाव, लावा, लावावे, लावशील का, लावून दे ही सर्व रूपे एकच काम सांगतात. परंतु आजोबा, सून आणि नातू यांपैकी कोण कोणते रूप वापरील हे वय आणि नाते यांवर अवलंबून असते. विदर्भात ‘लावून दे’, ‘करून दे’ ही रूपे विशेष चालतात, आणि ‘काय वाजून राहिलं?’ हा प्रश्न ‘काय वाजत आहे?’ या अर्थी विचारला जातो. पुणेरी पाठ्यपुस्तकावरून रचलेल्या आज्ञासंचात या वाक्याला जागा मिळणार नाही. ते अशुद्ध आहे म्हणून ही वगळणूक होते असेही नाही. रचणाराने ते ऐकलेलेच नसते.

५

आता झाडीबोलीकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हा झाडीपट्टीचा भाग. येथे मराठीबरोबर पोवारी, गोंडी आणि हिंदी यांचाही नित्य वापर आहे. झाडीबोलीचा अभ्यास ज्यांनी निष्ठेने केला त्यांत डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचे नाव अग्रगण्य आहे. या बोलीत ण, ळ, छ, श, ष हे वर्ण नाहीत. डोळा तेथे ‘डोरा’ होतो, काळा ‘कारा’, फळ ‘फर’, नळ ‘नर’. पाणी ‘पानी’ होते आणि शेत ‘सेत’.

यंत्राच्या दृष्टीने याचा परिणाम काय? ळचा र होतो हा नियम सरळ आहे, परंतु तो उलट चालविता येत नाही. कारण प्रत्येक र हा मुळात ळ नसतो. ‘नर’ ऐकून तो पाण्याचा नळ की पुरुषजातीचा प्राणी, हे केवळ ध्वनीवरून सांगता येणार नाही. म्हणून बोली ऐकणे अवघड आहे, असा निष्कर्ष काढून प्रमाणभाषेचे समर्थक थांबतात. आमच्या मते तो निष्कर्ष घाईचा आहे. एका घरातील यंत्रांना लागणारा शब्दसंग्रह फार लहान असतो. त्या मर्यादित यादीत नर हा प्राणी कशाला येईल? जेथे शब्द थोडे, तेथे संदिग्धताही थोडी. कादंबरी उतरवून घेण्यास जी बोली कठीण, तीच दिवा लावण्यास सुलभ आहे. आधी ठरलेल्या वाक्यांपुरतेच ऐकणारी साधने आता निघाली आहेत, आणि बोलींच्या दृष्टीने हाच मार्ग अधिक आशादायक दिसतो.

खरी अडचण पहिल्या पायरीवर आहे. ध्वनीचे अक्षर करणारे जे यंत्र प्रमाण मराठीच्या वाचनावर शिकलेले असते, ते ‘सकार’ हा उच्चार ऐकून ‘सकाळ’ लिहीलच असा भरवसा नाही. ओपनएआयचे २०२२ सालचे ‘व्हिस्पर’ मराठी जाणते आणि घरातल्या संगणकावरही चालते. परंतु त्याच्या लहान आवृत्त्या मोठ्यांच्या मानाने कमी अचूक आहेत, आणि लहान संगणकावर लहानच चालतात. तेव्हा झाडीबोली बोलणाराला दोहोंपैकी एक पत्करावे लागते: आपला आवाज दूरच्या कंपनीकडे पाठविणे, किंवा स्वतःच्याच घरात आपली जीभ पालटणे.

६

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, लोक आताच ‘व्हॉल्यूम कमी कर’, ‘टीव्ही ऑन कर’ असे म्हणतात. मग मराठीचा एवढा आग्रह कशाला? हे शब्द आज्ञासंचात अवश्य असावेत. परंतु नामे उसनी घेतली तरी वाक्याचा कणा मराठीच राहतो, आणि वर दाखविलेले दोष त्या कण्याशी संबंधित आहेत. दुसरा आक्षेप असा की, नवी विशाल भाषाप्रतिमाने कोणतेही वाक्य समजून घेतात, तेव्हा आज्ञासंचाची गरजच उरली नाही. पण ही प्रतिमाने बहुधा अक्षरे झाल्यानंतरच कामाला लागतात. मूळ अक्षरेच चुकली तर त्यांची हुशारी व्यर्थ जाते. शिवाय अशी मोठी प्रतिमाने बहुतांशी दूरस्थ संगणकांवर चालतात, म्हणजे घरातले बोलणे घराबाहेर जाण्याचा प्रश्न कायम राहतो.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या काळी रेडिओची खुंटी फिरविण्यास कोणतीही बोली शुद्ध करावी लागत नव्हती. हात सर्वांचा सारखाच चाले. खुंटीची जागा आता वाणीने घेतली आहे, आणि वाणी सर्वांची सारखी नाही. साधन सोपे होत असता त्याचा उंबरठा मात्र उंचावला, तो याच कारणाने. ज्या वृद्धेला दूरनियंत्रकाची बारीक बटणे दिसत नाहीत, तिलाच बोलून चालणाऱ्या यंत्राची गरज सर्वांत अधिक. आणि तिचीच भाषा प्रमाणभाषेपासून सर्वांत दूर असण्याचा संभव असतो.

तेव्हा मराठी विभागांनी हे काम परके मानू नये. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या उपक्रमात मराठी आवाज स्वीकारले जातात. शासनाने २०२२ साली आरंभिलेल्या ‘भाषिणी’ प्रकल्पातही भारतीय भाषांची ध्वनिसामग्री जमविली जाते. आमगाव, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील वक्त्यांकडून दिवा, पंखा, गाणे आणि आवाज यांविषयीची शे-दोनशे आज्ञावाक्ये त्यांच्याच उच्चारात नोंदवून घेणे एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या आवाक्यातील आहे. अशा संग्रहातून बोलीचा अभ्यास पुढे जाईल आणि त्याच श्रमात काही घरांतील यंत्रांना कान फुटतील. आज्ञासंच मुक्त आहे, त्यात भर घालण्यास मज्जाव नाही. तो अपुरा राहिला तर त्याचा दोष परदेशी रचनाकारांइतकाच आपल्याकडेही येईल.