पीस तरंगत ठेवताना

२०१८ सालचा सर्वोत्तम गेम कोणता, हा वाद आमच्या मित्रांमध्ये अजून मिटलेला नाही. त्या वर्षी ६ डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’चा सोहळा झाला आणि मानाचा पुरस्कार ‘गॉड ऑफ वॉर’ने नेला. पुढे बाफ्टानेही त्यालाच पसंती दिली. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’च्या चाहत्यांना हा उघड अन्याय वाटला, आणि भांडण या दोघांतच रंगलं. नामांकन मिळालेल्या सहा गेममध्ये ‘सेलेस्ट’ नावाचा एक छोटा गेमही होता. जुन्या काळासारखी ठिपक्याठिपक्यांची चित्रं, मूठभर लोकांचं काम. त्याला त्या रात्री सर्वोत्तम इंडी गेमचा पुरस्कार मिळाला, समाजाला काही देऊ पाहणाऱ्या गेमसाठीचाही मिळाला, आणि मोठ्या वादातून तो बाजूला पडला. माझं मत तेव्हाही त्याच्याच बाजूने होतं, आजही आहे.

बाकीच्या दोघांवर माझं प्रेम नाही असं नाही. ‘गॉड ऑफ वॉर’च्या सुरुवातीला नायक क्रेटॉस बायकोच्या चितेसाठी झाड तोडतो आणि त्या झाडाच्या बुंध्यावर तिच्या हाताचा ठसा असतो. पुढे मुलगा हरणाची शिकार करतो तेव्हा बापाचा हात त्याच्या पाठीकडे जातो, मध्येच थबकतो आणि मागे येतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही न तुटणारा कॅमेरा हे सगळं जवळून पाहत असतो. ‘रेड डेड’मधला आर्थर मॉर्गन हा तर कादंबरीत शोभावा असा माणूस. १८९९ सालची अमेरिका, वसुलीसाठी एका कर्जदाराला केलेली मारहाण, त्याच वेळी लागलेला क्षयरोग आणि मग हळूहळू खंगत जाणं. रॉजर क्लार्क यांनी दिलेला त्याचा आवाज कानातून जात नाही.

पण क्रेटॉसचा हात थबकतो तेव्हा माझा अंगठा रिकामा असतो. मी तिथे प्रेक्षक असतो. त्या गेममध्ये हाताला खरोखर कळणारी गोष्ट वेगळीच आहे: फेकलेली कुऱ्हाड बटण दाबून परत बोलावली की ती हवा कापत येते आणि मुठीत आदळते, तो ठोका कंट्रोलरमधून तळहाताला जाणवतो. अप्रतिम आहे ते. मात्र बापलेकांचं दुःख एकीकडे आणि ती कुऱ्हाड दुसरीकडे राहते. आर्थरचं आजारपणही मुख्यतः आपण बघतो आणि ऐकतो. ‘सेलेस्ट’मध्ये सांगायची गोष्ट आणि बोटांनी करायची गोष्ट वेगळ्या काढताच येत नाहीत. म्हणून वर्षाचा सर्वोत्तम गेम तो.

मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी ‘पिको-८’ नावाच्या छोट्या आभासी कन्सोलवर अवघ्या चार दिवसांत त्याचं मूळ रूप केलं. पूर्ण गेम २५ जानेवारी २०१८ रोजी आला. मॅडेलिन नावाची मुलगी कॅनडातला एक डोंगर चढायला निघते, एवढीच कथा. तिला तीन गोष्टी येतात: उडी मारणं, दम असेपर्यंत भिंत धरून ठेवणं आणि डॅश, म्हणजे हवेतल्या हवेत एकदाच घेता येणारी झेप. तिचे केस लाल आहेत. झेप वापरली की ते निळे होतात आणि पाय जमिनीला लागले की पुन्हा लाल. शिल्लक काय आहे हे दाखवायला पडद्याच्या कोपऱ्यात वेगळी पट्टी नाही. आपली नजर आधीच जिच्यावर खिळलेली असते, तिच्याच अंगावर ते लिहिलेलं आहे.

गेम अवघड आहे, पण खेळणाऱ्यावर त्याचा राग नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या अगदी लहान अंशापर्यंत तो उडी मान्य करतो. वर डोकं कोपऱ्याला आपटणार असेल तर हळूच बाजूला सरकवतो. आपल्याला वाटतं, आपलीच उडी साधली. मेलात तर क्षणात त्याच पडद्याच्या सुरुवातीला परत. मृत्यूंचा आकडा गेम मोजतो खरा, पण एका पोस्टकार्डावर सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळग, त्यातूनच तू शिकते आहेस. माझा आकडा पहिल्याच चढाईत दोन हजारांच्या वर गेला आणि त्यातला एकही मृत्यू मला फुकट गेल्यासारखा वाटला नाही. ज्याला हेही झेपत नाही त्याच्यासाठी मदतीचे पर्याय आहेत: वेग कमी करा, न संपणारा दम घ्या, हवं तर मरणच बंद करा. असे पर्याय दिल्याने गेमची उंची कमी होते, असं म्हणणाऱ्यांशी मी मनापासून असहमत आहे.

दुसऱ्या प्रकरणात आरशातून मॅडेलिनचंच एक रूप बाहेर येतं. जांभळे केस, लाल डोळे. सगळे तिला बॅडेलिन म्हणतात. ती पाठलाग करते, आणि कसा? आपण जिथून गेलो, जशी उडी मारली, जिथे क्षणभर घुटमळलो, ते सगळं ती थोड्या अंतराने जसंच्या तसं करत येते. आपणच मागे सोडलेल्या हालचाली आपल्या अंगावर येतात. थांबलो की मेलो. मनातली भीती अशी चालते, हे इथे एका शब्दाशिवाय कळतं.

मग चौथं प्रकरण. मॅडेलिन आणि वाटेत भेटलेला थिओ दोरीवरच्या पाळण्यातून जात असतात आणि पाळणा दरीवर अडकतो. तिचा श्वास कोंडतो, पडद्याच्या कडांवरून काळं काहीतरी आत सरकू लागतं. थिओ तिला आजोबांनी शिकवलेली युक्ती सांगतो: डोळ्यांसमोर एक पीस आण आणि श्वासाने ते तरंगत ठेव. पडद्यावर पीस येतं, एक चौकट संथपणे वर-खाली होत असते. बटण दाबलं की पीस वर, सोडलं की खाली. इथवर ज्या अंगठ्याने घाईघाईने, घाबरून बटणं बडवली, त्यालाच आता सावकाश दाबायचं आणि सोडायचं असतं. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा काही वेळाने लक्षात आलं की माझा श्वासही त्या चौकटीबरोबर चालला आहे.

दुसरा कुणी लेखक हे पीस औषधासारखं पुन्हा पुन्हा वापरत राहिला असता. ‘सेलेस्ट’ तसं करत नाही. सहाव्या प्रकरणात मॅडेलिन बॅडेलिनला सांगते की मला तुझी गरज उरलेली नाही. बॅडेलिन चवताळते. आपण पुन्हा पीस तरंगवू पाहतो आणि ती ते कापून टाकते. मॅडेलिन डोंगराच्या तळाशी कोसळते. श्वास आवरण्याची युक्ती त्या क्षणापुरती असते; आपल्याच एका भागाला घालवून द्यायला ती कामी येत नाही.

तळाशी पोचल्यावर पाठलाग उलटा होतो. आता आपण तिच्या मागे, ती घाबरलेली आणि सैरभैर मारा करणारी. शेवटी दोघींचा समेट होतो, आणि तो केवळ संवादात राहत नाही. मॅडेलिनचे केस गुलाबी होतात आणि तिला हवेत एकाऐवजी दोन झेपा मिळतात. इतकी प्रकरणं एकाच झेपेची सवय झालेला हात पहिल्यांदा दुसरी झेप घेतो, तेव्हा जे वाटतं ते मी कुठल्याच सिनेमात अनुभवलेलं नाही. २०२० मध्ये थॉर्सन यांनी लिहिलं की मॅडेलिन ट्रान्स आहे, आणि गेम करत असताना हे त्यांना स्वतःलाही उमगलेलं नव्हतं. ते वाचून मी सहावं प्रकरण पुन्हा खेळलो.

सातव्यात सगळा डोंगर पायथ्यापासून परत चढायचा. जुन्याच जागा, पण आता दोन झेपा. शेवटच्या टप्प्यात तीसपासून उलटे मोजत जाणारी निशाणं आणि लेना रेन यांचं वर वर चढत जाणारं संगीत.

वाद पुन्हा निघतो तेव्हा मी हल्ली मुद्दे मांडत बसत नाही. चौथं प्रकरण लावतो आणि कंट्रोलर मित्राच्या हातात देतो. पाळणा दरीवर थांबतो, पीस येतं. तो बटण दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलत नाही.