करुणा आणि विस्मृती

आवडत्या कलाकृतीचे दोष दाखविणे हे समीक्षेचे अवघड काम होय. ज्याला ती कृती मुळात भावलीच नाही, त्याच्या दोषदर्शनाला फारसे मोल नसते. आणि ज्याला ती फार भावली, तो तिच्या उणिवांनाही लकबी समजून त्यांचे कौतुक करू लागतो. ‘बॅटमॅन : दि ॲनिमेटेड सीरीज’ ह्या अमेरिकन चित्रमालिकेच्या वाट्याला प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचा रसिकवर्ग आला. ५ सप्टेंबर १९९२ रोजी फॉक्स वाहिनीवरील मुलांच्या कार्यक्रमांत तिचे प्रक्षेपण सुरू झाले आणि १९९५ पर्यंत तिचे एकूण ८५ भाग झाले. शाळेतून घरी परतल्यावर ती पाहणारी मुले आता प्रौढ झाली आहेत, आणि सुपरहिरोंची चित्रमालिका कशी असावी ह्याचा मानदंड म्हणून ती आजही तिच्याकडेच बोट दाखवितात. मानदंड ठरलेल्या कृतीची परीक्षा तिने स्वतःच उभ्या केलेल्या कसोटीवर व्हावयास हवी.

ही कसोटी सामान्य नाही. ब्रूस टिम व एरिक रॅडोम्स्की ह्यांनी ह्या मालिकेला जे रूप दिले, ते मुलांच्या मालिकांत तोवर क्वचितच पाहावयास मिळाले होते. रॅडोम्स्की ह्यांनी पार्श्वभूमीची चित्रे पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगविण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे गॉथम नगरीत अंधार हा मूळचा ठरला आणि उजेड बाहेरून आलेला पाहुणा झाला. शर्ली वॉकर ह्यांच्या वाद्यवृंदाने प्रसंगांना गांभीर्य दिले. २०२२ साली दिवंगत झालेले केव्हिन कॉनरॉय ह्यांनी ब्रूस वेन आणि बॅटमॅन ह्यांना दोन भिन्न आवाज देऊन एकाच माणसातील दुभंग नुसत्या स्वरातून उभा केला. ‘रॉबिन्स रेकनिंग’ ह्या कथेच्या पहिल्या भागाला १९९३ साली एमी पारितोषिक लाभले, तेही प्रौढांसाठीच्या मुख्य वेळेतील कार्यक्रमांच्या स्पर्धेत. ह्या सर्व गुणांपेक्षा मोठा गुण म्हणजे ह्या मालिकेची खलपात्रांविषयीची करुणा. गुन्हेगार हा जखमी माणूस असतो, ही जाणीव तिने बालप्रेक्षकांना दिली.

मालिकेचे जे दोष नेहमी सांगितले जातात, ते बहुतेक आनुषंगिक आहेत. रेखाटनाचे काम जपान व कोरिया येथील निरनिराळ्या संस्थांकडे वाटून दिलेले असल्यामुळे भागाभागांत विषमता आली. ‘फीट ऑफ क्ले’ ह्या दोन भागांच्या कथेत तर ही विषमता एकाच कथेच्या पोटात दिसते. तिचा पहिला भाग ठोकळेबाज आहे, तर दुसऱ्या भागात चिखलाचा देह झालेला नट आपल्या साऱ्या जुन्या भूमिकांतून झरझर बदलत जातो, तो प्रसंग चित्रकलेचा उत्कर्ष ठरावा असा आहे. ‘आय हॅव गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’सारखे काही भाग निव्वळ बालिश आहेत. परंतु ८५ भागांच्या पसाऱ्यात काही भाग दुबळे निघावेत, ह्यात नवल नाही. मूलभूत दोष शोधावयाचा तर तो दुबळ्या भागांत शोधून भागणार नाही. मालिकेच्या सर्वोत्कृष्ट भागांनाच जो उणेपणा आणतो, तो तिचा खरा दोष.

ह्या दृष्टीने ‘हार्ट ऑफ आइस’ ही पॉल डिनी ह्यांनी लिहिलेली आणि टिम ह्यांनी दिग्दर्शित केलेली कथा विचारात घ्यावी. मिस्टर फ्रीझ हे पात्र १९५९ पासून चित्रकथांत होते. पण गोठविणारी बंदूक घेऊन हिंडणारा एक दुय्यम खलनायक, यापलीकडे त्याला व्यक्तित्व नव्हते. डिनी ह्यांनी त्याला पूर्वायुष्य दिले. व्हिक्टर फ्राइझ हा शास्त्रज्ञ आपल्या दुर्धर रोगाने ग्रासलेल्या पत्नीला, नोराला, उपाय सापडेपर्यंत गोठवून ठेवतो. ज्या कंपनीत तो काम करतो, तिचा प्रमुख फेरिस बॉइल खर्चाचे कारण सांगून हा प्रयोग बंद पाडतो. त्या झटापटीत फ्राइझचा देह असा बदलतो, की शून्याखालील थंडीवाचून तो जगू शकत नाही. कथेच्या अखेरीस अर्कम मनोरुग्णालयाच्या कोठडीत तो काचेच्या गोलातील नाचणाऱ्या बाहुलीपुढे बसलेला दिसतो. सूड पुरा झालेला नाही, आणि झाला असता तरी काही परत मिळणार नव्हते. बावीस मिनिटांच्या आत एक संपूर्ण शोकांतिका येथे सिद्ध होते.

भरताने नाट्यशास्त्रात करुण आणि विप्रलंभ शृंगार ह्यांमधील भेद फार मार्मिकपणे सांगितला आहे. दोहोंत दुःख आहे, दोहोंत अश्रू आहेत. परंतु करुण हा निरपेक्ष असतो आणि विप्रलंभ सापेक्ष असतो. जेथे पुनर्भेटीची आशा उरलेली नाही तेथे करुण. जेथे ती आशा शिल्लक आहे तेथे विप्रलंभ. ‘हार्ट ऑफ आइस’चे सारे सामर्थ्य ह्या निरपेक्षतेत आहे. नोरा गेली आहे, असेच फ्राइझ मानतो आणि प्रेक्षकही मानतो.

मग १९९४ साली ‘डीप फ्रीझ’ हा भाग येतो. ग्रँट वॉकर नावाचा एक धनाढ्य मनुष्य फ्रीझला अर्कममधून बाहेर काढतो आणि नोरा अद्याप जिवंत, गोठलेल्या अवस्थेत सुरक्षित असल्याचे त्याला दाखवितो. ‘डीप फ्रीझ’ ही स्वतंत्रपणे पाहता वाईट कथा नव्हे. पण तिने आधीच्या कथेचा रसच बदलून टाकला. जे निरपेक्ष होते ते सापेक्ष झाले. करुणाचा विप्रलंभ झाला. १९९८ च्या ‘सबझीरो’ ह्या चित्रपटात तर नोरा बरी होते. एखाद्या पात्राचे दुःख हलके व्हावे ह्याला कोणाचा आक्षेप असणार? आक्षेप एवढाच, की ह्या वळणाचे बीज मूळ कथेत नाही. खलनायक लोकप्रिय झाला, त्याला परत आणणे भाग पडले, आणि परत आणावयाचे तर त्याच्या दुःखाचा गाभाच उपसावा लागला.

हार्वी डेंटची गोष्ट ह्याहूनही बोलकी आहे. ‘टू-फेस’ ह्या दोन भागांच्या कथेत ब्रूसचा जिवलग मित्र असलेला हा सरकारी वकील मनातल्या दडपलेल्या क्रोधापायी आणि रूपर्ट थॉर्न ह्या गुंडाच्या कारस्थानापायी दोन तोंडांचा गुन्हेगार बनतो. शेवटी त्याची वाग्दत्त वधू ग्रेस त्याच्याजवळ असते आणि ब्रूस कारंज्यात एक नाणे टाकून मित्रासाठी मनोमन काही मागतो. ह्या प्रसंगानंतर अवघ्या काही आठवड्यांत ‘ऑलमोस्ट गॉट इम’ ह्या भागात तोच हार्वी इतर खलनायकांबरोबर पत्ते खेळत बसतो आणि बॅटमॅनला एका प्रचंड नाण्याला बांधून आपण कसे उडविले, ह्याची फुशारकी मारतो. तो भाग अत्यंत चतुर व विनोदी आहे. पण ज्याच्यासाठी कारंज्यात नाणे पडले, तो मनुष्य कोठे गेला? ग्रेस कोठे गेली? ‘सेकंड चान्स’ ह्या १९९४ च्या भागात जुन्या मैत्रीचा धागा पुन्हा हाती घेतला जातो खरा, आणि तो भाग मालिकेच्या उत्तम भागांत गणला पाहिजे. मात्र मधल्या काळात हा धागा पूर्णपणे सोडून दिला होता, ही गोष्ट त्यामुळेच अधिक डोळ्यांत भरते.

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, एका भागात शोकाची स्थायिभाव म्हणून प्रतिष्ठा केली जाते आणि दुसऱ्या भागात तोच शोक व्यभिचारी भावासारखा येऊन निघून जातो. करुणा आहे, स्मृती नाही. आणि स्मृतीवाचून करुणा फार काळ करुणा राहत नाही. ती हळूहळू सवय बनते.

ह्या विस्मृतीचे कारण लेखकांच्या कुवतीत नाही, प्रक्षेपणाच्या व्यवहारात आहे. मालिकेचे पहिले ६५ भाग अशा रीतीने तयार झाले, की ते कोणत्याही क्रमाने दाखविता यावेत. ‘ऑन लेदर विंग्ज’ हा भाग प्रथम तयार झाला, पण प्रक्षेपणाचा प्रारंभ ‘दि कॅट अँड दि क्लॉ’च्या पूर्वार्धाने झाला, आणि त्याचा उत्तरार्ध येण्यापूर्वी मध्ये इतर कथा दाखविल्या गेल्या. ज्या माध्यमात आज पाहिलेल्या भागाची उद्याच्या प्रेक्षकाला माहिती असेलच असे नाही, तेथे कोणत्याही घटनेचा परिणाम कायम ठेवता येत नाही. अर्कम मनोरुग्णालय हे ह्या व्यवहाराचेच रूपक होय. तेथे रुग्णाला पोचविले म्हणजे कथा संपते, आणि तो पळाला म्हणजे नवी सुरू होते. त्याने बरे होणे मात्र परवडण्यासारखे नाही.

ह्यावर असा युक्तिवाद करता येईल, की कथाचक्रांचा हा जुनाच धर्म आहे. वेताळपंचविशीत राजाने मौन मोडले, की वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो, म्हणून कोणी त्या कथांना दोष देत नाही. हे खरे आहे. परंतु वेताळ राजाला कोडी घालतो; शोक करावयास सांगत नाही. कोडे सुटले की ते विसरण्यास हरकत नसते. शिवाय तेथेही अखेरीस राजाचे मौन टिकते आणि चक्र थांबते. प्रस्तुत मालिकेने ज्या भागांत कोडी घातली किंवा हास्य निर्माण केले, त्या भागांना हा आक्षेप लागू होत नाही. शोकाची मागणी जेथे तिने स्वतः केली, तेथेच तिच्यावर स्मृतीचे ऋण चढते.

ह्याहून गंभीर गोष्ट अशी, की मालिकेत एका माणसाची स्मृती मात्र सदैव अबाधित आहे. आईवडिलांच्या हत्येचे ब्रूस वेनचे दुःख कधीही शिळे होत नाही. ‘परचान्स टु ड्रीम’ ह्या भागात आईवडील जिवंत असलेले सुखाचे जग त्याला लाभते. पुस्तकातील अक्षरे वाचता येत नाहीत ह्यावरून हे स्वप्न आहे, हे तो ओळखतो आणि त्या सुखाकडे पाठ फिरवून जागा होतो. हा प्रसंग हृदयस्पर्शी आहे, कारण त्यामागे संचित दुःखाचे बळ आहे. हे संचित फ्राइझला नाकारले गेले, हार्वीला थेंबाथेंबाने दिले गेले. नायकाचे दुःख हे चरित्र ठरते आणि इतरांचे दुःख हा प्रसंग ठरतो. सर्व जखमी माणसांकडे सारख्याच ममतेने पाहण्याचे आश्वासन देणाऱ्या कृतीत ही विषमता उरावी, हा तिच्या नैतिक दृष्टीतील दोष मानावा लागेल.

निर्मात्यांना ह्याची जाणीव नव्हती, असे म्हणता येणार नाही. डिसेंबर १९९३ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या ‘मास्क ऑफ दि फँटॅझम’ ह्या त्यांच्याच चित्रपटात अँड्रिया बोमाँट आणि ब्रूस ह्यांची ताटातूट कायमची आहे. क्रमाच्या बंधनातून सुटताच त्यांनी हानीला हानी राहू दिले. मालिकेतही ‘हार्लीज हॉलिडे’सारखा अपवाद आहे. बरी झाल्याचा दाखला घेऊन बाहेर पडलेली हार्ली क्विन एका क्षुल्लक गैरसमजातून दिवस मावळण्यापूर्वी पुन्हा अर्कममध्ये परतते. तेव्हा बॅटमॅन तिला तिचाच पोशाख आणून देतो आणि आपल्याही आयुष्यात असा एक वाईट दिवस येऊन गेल्याचे सांगतो. त्या एका वाक्यात तो आपल्या स्मृतीतील वाटा तिला देतो. मालिकेची करुणा येथे पूर्णत्वास पोचते.

पुढे २००५ साली ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ ह्या उत्तरकालीन मालिकेतील ‘एपिलॉग’ ह्या भागात हाच बॅटमॅन एस नावाच्या मरणोन्मुख मुलीशेजारी झोपाळ्यावर बसतो. तिला संपविण्यासाठी दिलेले शस्त्र तो वापरीत नाही. तिचा प्राण जाईपर्यंत तिला सोबत करतो. ह्या मुलीची कथा आधीच्या भागातून आलेली आहे आणि तिचे मरण परत फिरत नाही. म्हणून तो झोपाळा प्रेक्षकाच्या मनातून जात नाही. १९९२ च्या मालिकेने जी करुणा शिकविली, तिला अखेर स्मृतीची जोड मिळाली, असे ह्या प्रसंगाविषयी म्हणता येईल.

‘बॅटमॅन : दि ॲनिमेटेड सीरीज’चे श्रेष्ठत्व ह्या विवेचनाने कमी होत नाही. तिने करुणेचे दार उघडले नसते, तर तिच्या विस्मृतीचा कोणाला सलही जाणवला नसता. काचेच्या गोलातील त्या बाहुलीपुढे बसलेला मनुष्य तिने एकदा दाखविला. तो दुसऱ्या दिवशीही तेथेच, तसाच बसलेला असेल, एवढेच लक्षात ठेवणे तिला जमले नाही. तिच्यावर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांनी मात्र ते लक्षात ठेवले आहे.