दोन कार्यक्रमांच्या मधला माणूस

लंडनमध्ये बीबीसीच्या टेलिव्हिजन सेंटरमध्ये निवेदकासाठी एक खोली होती. एक खुर्ची, बटणांनी भरलेलं टेबल, जागचा न हलणारा कॅमेरा आणि पाठीमागे भिंत. खोली एवढीशी, की तिला नाव पडलं 'ब्रूम कबर्ड', म्हणजे झाडू ठेवायचं कपाट. ९ सप्टेंबर १९८५ पासून ब्रिटनमधली मुलं शाळेतून घरी येऊन टीव्ही लावायची, तेव्हा या कपाटातून फिलिप स्कोफिल्ड नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा त्यांच्याशी बोलायचा. दुपारच्या या स्लॉटचं नाव होतं 'चिल्ड्रन्स बीबीसी'.

त्याचं काम काय? पुढचा कार्यक्रम कोणता ते सांगायचं, मुलांनी पाठवलेली चित्रं आणि कार्डं दाखवायची, आणि त्याच वेळी टेबलावरची बटणं स्वतःच दाबायची. हे सगळं लाइव्ह. सोबतीला गॉर्डन नावाचा गोफर, म्हणजे हातात घालून नाचवायची बाहुली. गॉर्डनला बोलता यायचं नाही, तो फक्त चीं चीं करायचा. त्यामुळे त्याचं म्हणणं काय ते स्कोफिल्डला सांगावं लागायचं, आणि तो हवं ते सांगायचा. अर्धा विनोद यातच होता.

या सगळ्याचं मूळ पैशाच्या गणितात आहे. बीबीसी लायसन्स फीवर चालते, जाहिराती घेत नाही. त्यामुळे दोन कार्यक्रमांच्या मध्ये रिकामा वेळ उरतो. आयटीव्हीने १९८३ च्या जानेवारीत मुलांसाठी असाच निवेदक असलेला स्लॉट सुरू केला होता, पण तिथे मधल्या वेळेत विक्री चालायची. बीबीसीला ती मोकळी मिनिटं भरायची होती आणि खर्च फार करायचा नव्हता. मग आहे त्याच खोलीत, आहे त्याच यंत्रावर एक माणूस बसवला. काटकसरीतून एवढी चांगली गोष्ट क्वचितच निघते.

चांगली का, ते त्या मिनिटांच्या दोन्ही बाजूंना काय होतं ते पाहिलं की कळतं. १९८६ साली 'ग्रेंज हिल' या शाळेवरच्या मालिकेत झॅमो नावाचा मुलगा हेरॉइनच्या नादी लागला. हे मुलांच्या वेळेत दाखवलं गेलं, संध्याकाळच्या जेवणाच्या आधी. त्याच वर्षी २८ जानेवारीला चॅलेंजर यान उड्डाणानंतर थोड्याच वेळात फुटलं, आणि ब्रिटिश टीव्हीवर ही बातमी सर्वांत आधी दिली ती 'न्यूजराउंड'ने, मुलांच्या बातमीपत्राने. मोठ्यांना कळायच्या आधी पोरांना कळलं. अशा स्लॉटमध्ये एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाताना मध्ये कुणीतरी असणं ही चैन नव्हती. भिंतीवर चित्रं लावलेला तोच ओळखीचा चेहरा आत्ता, या क्षणी, तेच पाहून बसलाय, एवढं मुलाला माहीत असायचं. कार्टून आधी बनवून ठेवता येतं. ही सोबत आधी बनवून ठेवता येत नाही.

तुम्ही म्हणाल, छोटी खोली, एकटा माणूस, स्वतःच सगळी यंत्रं चालवतोय आणि थेट कॅमेऱ्यात बघून बोलतोय, हा तर यूट्यूबर झाला. मांडणी खरंच तीच आहे. पण कपाटातला माणूस दुसऱ्यांचं काम दाखवायला बसलेला असायचा. 'आता हे बघा' म्हणून तो बाजूला व्हायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं दिसायचाच नाही. आजच्या खोलीतला माणूस बाजूला होत नाही, कारण कार्यक्रम तोच आहे.

अर्थात कपाटही अगदी सोवळं राहिलं नाही. गॉर्डनची खेळणी दुकानात आली. स्कोफिल्ड १९८७ मध्ये 'गोइंग लाइव्ह!' या शनिवार सकाळच्या शोमध्ये गेला. नंतर आलेल्या अँडी क्रेनच्या काळात एड नावाचं हिरव्या तुऱ्याचं बदक इतकं गाजलं, की १९९० मध्ये त्याच्या नावावर गाणंही निघालं. मधला माणूस, मधलं बदक, हळूहळू मुख्य पात्र व्हायला लागले होते. शिवाय चित्रं पाठवणाऱ्या असंख्य मुलांपैकी मोजक्यांचीच भिंतीवर लागायची, हेही आठवणींत रमणारे विसरतात.

१९९४ मध्ये निवेदक कपाटातून मोठ्या स्टुडिओत गेले. रंग वाढले, माणसं वाढली. मला यात तोटाच दिसतो. मोठ्या सेटवर चार जण एकमेकांशी हसत असले, की घरातलं मूल प्रेक्षक होतं. कपाटात बोलायला दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळे बोलणं सगळं मुलाशी. फेब्रुवारी २००२ मध्ये मुलांसाठी दोन स्वतंत्र चॅनल आले आणि २१ डिसेंबर २०१२ ला बीबीसी वनवरचा दुपारचा स्लॉट कायमचा बंद झाला.

त्यासोबत वेळ संपणंही गेलं. १९८८ पासून ५:३५ ला 'नेबर्स' ही ऑस्ट्रेलियन मालिका लागायची आणि सहाला बातम्या. निवेदक टाटा करायचा आणि चॅनल मोठ्यांचं व्हायचं. आजचा ऑटोप्ले टाटा करत नाही.

आज यूट्यूबवर कपाटातल्या ज्या क्लिप्स सापडतात, त्यातल्या बहुतेक घरच्या व्हिडिओ कॅसेटवरून आलेल्या आहेत. कुणाला तरी कार्टून टेप करायचं होतं, आणि रेकॉर्डिंगचं बटण जरा आधी दाबलं गेलं.