देवदत्त : दोषारोप आणि निवाडा

विहारांतील प्रवचनांत देवदत्ताचे नाव निघाले की त्याचा परिचय करून देण्याची गरज वक्त्यास भासत नाही. गृध्रकूटावरून शिळा लोटणारा, नालागिरी हत्ती अंगावर सोडणारा, संघ फोडणारा एवढे म्हटले की पुरते. हेच श्रोते अंगुलिमालाची कथा ऐकताना सद्गदित होतात. देवदत्ताच्या कथेत मात्र त्याला भूमीने गिळले हे ऐकून त्यांचे समाधान होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही देवदत्ताचे प्रकरण तथागतांच्या शत्रूंविषयीच्या भागात येते, आणि ते योग्यच आहे. परंतु शत्रू ठरलेल्या माणसाचा निवाडा कोणी, कोणत्या कृत्यासाठी आणि कोठवर करावा, हा प्रश्न त्याने सुटत नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गाचा सातवा खंधक या दृष्टीने वाचला, तर आपल्या प्रवचनांतील देवदत्त आणि त्या ग्रंथातील देवदत्त यांत बरेच अंतर असल्याचे आढळते. आम्ही येथे देवदत्ताची वकिली करावयास बसलेलो नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

संघाचे नेतृत्व आपल्याकडे सोपवावे ही देवदत्ताची मागणी तथागतांनी कठोर शब्दांत फेटाळली. त्यानंतर संघाने एक प्रकाशनीय कर्म केले, म्हणजे राजगृहात जाहीर घोषणा करावयाचे ठरविले. घोषणेचा आशय मोजका होता : देवदत्ताची प्रकृती पूर्वी एक होती, आता दुसरी आहे; यापुढे तो काया-वाचेने जे करील त्यात बुद्ध, धम्म वा संघ पाहू नये, केवळ देवदत्तच पाहावा. हे काम सारिपुत्तांवर सोपविले गेले आणि सारिपुत्त अडखळले. याच राजगृहात आपण देवदत्ताच्या ऋद्धिबळाची स्तुती केली आहे, आता त्याच नगरात त्याच्याविरुद्ध घोषणा कशी करावी, ही त्यांची अडचण होती. तथागतांनी त्यांना विचारले, ती स्तुती खरी होती ना? सारिपुत्त होय म्हणाले. मग ही घोषणाही तशीच खरी म्हणून करावी, असे त्यांना सांगण्यात आले.

या प्रसंगाकडे आमच्या प्रवचनकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. येथे पूर्वीची स्तुती मागे घेतली जात नाही. देवदत्त आरंभापासूनच ढोंगी होता आणि सारिपुत्त फसले होते, असे तथागत म्हणत नाहीत. काल जे खरे होते ते आज खोटे ठरवावे लागत नाही. आज जे बदलले आहे तेवढेच सांगावयाचे असते. उदानाच्या काही पाठांत तथागत ज्या थोर भिक्षूंना खऱ्या अर्थाने ब्राह्मण म्हणतात, त्यांच्या नामावळीत देवदत्ताचेही नाव आढळते. इतर पाठांत त्या जागी नंदाचे नाव आहे. एखाद्या लेखनिकास ते नाव तेथे सहन झाले नसावे, असा तर्क करण्याचा मोह आम्हांस होतो.

घोषणेनंतर नगरवासी काय म्हणाले, हेही ग्रंथकाराने प्रामाणिकपणे नोंदविले आहे. अश्रद्ध लोक म्हणाले, देवदत्ताला मिळणारा लाभ आणि सत्कार या श्रमणांना पाहवत नाही. श्रद्धावंत म्हणाले, भगवंतांनी घोषणा करविली त्या अर्थी प्रकरण क्षुल्लक नसावे. दोन्ही पक्षांपैकी एकानेही देवदत्ताने नेमके काय केले, याची चौकशी केलेली दिसत नाही. एकाने संघाचा हेतू पाहिला, दुसऱ्याने शास्त्याचा अधिकार पाहिला, आणि दोघेही आपापल्या निर्णयावर निश्चिंत झाले.

याच्या उलट चित्र बिंबिसाराच्या दरबारात दिसते. देवदत्ताच्या चिथावणीने कुमार अजातसत्तु मांडीला कट्यार बांधून पित्याच्या महालात शिरला आणि पकडला गेला. महामात्यांत तीन मते पडली. कुमार, देवदत्त आणि सर्व भिक्षू यांना ठार करावे, असे काहींचे मत. भिक्षूंचा अपराध नाही, कुमार आणि देवदत्त यांनाच ठार करावे, असे दुसऱ्यांचे. कोणासही न मारता राजास कळवावे आणि तो सांगेल तसे करावे, असे तिसऱ्यांचे. राजाने प्रथम विचारले, यात बुद्ध, धम्म आणि संघ यांचा काय संबंध? देवदत्ताविषयी घोषणा आधीच झालेली नाही काय? मग पहिले मत देणाऱ्यांना त्याने पदच्युत केले, दुसऱ्यांना खालच्या पदावर नेले, तिसऱ्यांना बढती दिली. एका चीवरधाऱ्याच्या अपराधासाठी सर्व चीवरधाऱ्यांना शिक्षा करण्याचा सल्ला देणारे अमात्य प्रत्येक राजवटीत असतात. त्यांना घरी बसविणारा राजा क्वचितच भेटतो.

आता देवदत्ताच्या पाच मागण्या पाहू. भिक्षूंनी आजन्म अरण्यात राहावे, केवळ भिक्षेवर जगावे, चिंध्यांचे पांसुकूल चीवर वापरावे, वृक्षतळी राहावे आणि मासे-मांस खाऊ नये. यांपैकी पहिल्या चार गोष्टी थेरवाद परंपरेत धुतांगे म्हणून गौरविलेल्या आहेत. विसुद्धिमग्गातील तेरा धुतांगांत त्या येतात, आणि धुतांगधारकांत अग्रगण्य म्हणून स्वतः तथागतांनी महाकस्सपांचे नाव घेतले आहे. तथागतांनी या मागण्या निंद्य ठरविल्या नाहीत. ज्याची इच्छा असेल त्याने पाळाव्यात, एवढेच ते म्हणाले. वृक्षतळीचा निवास पावसाळा सोडून आठ महिने मान्य होता, आणि आपल्यासाठी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले वा शंकिलेले नसेल असे मासे-मांस चालत होते. देवदत्ताचा दोष वैराग्यात नव्हता. ते सर्वांवर लादण्यात आणि नकार मिळताच तो नकार नगरात मिरवून संघ फोडण्यात होता. हत्येच्या प्रयत्नांचा आरोप हा आणखी निराळा आणि गंभीर विषय होय. आपण या सर्व गोष्टी एकाच पोत्यात भरतो, आणि परिणामी कठोर आचाराचा आग्रह धरणारा कोणताही भिक्षू संशयास्पद ठरतो. गटातटांच्या वादात विरोधकास देवदत्त म्हणून मोकळे होणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनी आधी ही वर्गवारी करून पाहावी.

ज्याच्या हातून पितृहत्या घडली त्या अजातसत्तूशी तुलना केल्यावर तर प्रश्न अधिकच अवघड होतो. सामञ्ञफल सुत्तात तो अपराधाची कबुली देतो, आणि तो गेल्यावर तथागत भिक्षूंना सांगतात की पितृवध घडला नसता तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू प्राप्त झाले असते. पुढे तो धातूंचा वाटा मागतो, राजगृहात स्तूप उभारतो. महावंसानुसार पहिल्या संगीतीचा मंडपही त्याचाच. त्या संगीतीचे नेतृत्व महाकस्सपांकडे होते. अट्ठकथेत त्याला साठ हजार वर्षांचा नरकवास सांगितला आहे, देवदत्ताला मात्र कल्पाचा. देवदत्ताच्या नावे दोन आनंतर्य कर्मे, अजातसत्तूच्या नावे एक, हे खरे. अजातसत्तूने कबुली दिली हेही खरे, आणि तो भेद मोठा आहे. तरीही आश्रयदात्या राजाविषयी परंपरेचा स्वर जितका मऊ आहे, तितका तो कोणत्याही भांडकुदळ भिक्षूविषयी असू शकला नसता, असे आम्हांस वाटते. नवल असे की सामान्य प्रजेने ही सवलत दिली नाही. महावंसच सांगतो की हा पितृघातकांचा वंश आहे म्हणून नागरिकांनी अखेर शेवटच्या राजास हाकलले आणि सुसुनागास गादीवर बसविले.

जातकांत तर निवाडा मागील जन्मांपर्यंत पोहोचतो. लोभी व्यापारी, छद्दंत हत्तीचे सुळे आणणारा सोणुत्तर व्याध, वेस्संतराची मुले मागून नेणारा जूजक, हे सारे देवदत्तच. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत छद्दंताची कथा चितारली आहे. सतराव्यात वेस्संतर आहे आणि नालागिरीही आहे. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जातकाच्या गाथा तेवढ्या त्रिपिटकातील. कोण कोणाचा पूर्वजन्म हे सांगणारे समोधान अट्ठकथेच्या गद्यातील आहे. विनयाने देवदत्ताची प्रकृती पूर्वी एक आणि आता दुसरी, असे म्हटले होते. समोधानकारांनी ती जन्मोजन्मी एकच करून टाकली.

अलीकडच्या संशोधनात याची प्रतिक्रिया उमटली आहे. रेजिनाल्ड रे यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात देवदत्तास निंदा वाट्याला आलेला अरण्यवासी संत म्हणून पाहिले. विहारात स्थिरावलेल्या संघाने त्याला काळे फासले, असा त्यांचा रोख आहे. हा तर्क विचारास चालना देतो आणि त्याला पूरक पुरावाही आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियानास श्रावस्तीच्या परिसरात देवदत्ताचे अनुयायी आढळले. ते पूर्वीच्या तीन बुद्धांना पूजीत, शाक्यमुनींना नव्हे. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने बंगालमधील कर्णसुवर्ण येथे देवदत्ताच्या उपदेशानुसार दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य करणारे तीन विहार पाहिले. सहस्र वर्षे टिकलेला संप्रदाय केवळ मत्सरावर उभा राहत नाही. तथापि खलनायकास उचलून नायकाच्या आसनावर बसविल्याने तराजू सुधारत नाही, फक्त पारडे बदलते. सद्धर्मपुंडरीकात देवदत्त भावी बुद्ध ठरतो, मिलिंदपञ्हात भावी प्रत्येकबुद्ध. या दोन्ही ग्रंथांनी त्याचे अपराध पुसलेले नाहीत. केवळ त्याची कथा अपराधापाशी संपविण्याचे नाकारले आहे.

राहता राहिले देवदत्तामागून गयासीसावर गेलेले पाचशे वज्जी भिक्षू. ते नवदीक्षित होते आणि देवदत्ताच्या मागण्या त्यांना धम्म वाटल्या होत्या. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांनी उपदेश करून त्यांना परत आणले. तेव्हा सारिपुत्तांनी सुचविले की भेदकांच्या मागे गेलेल्या या भिक्षूंना पुन्हा उपसंपदा द्यावी. तथागतांनी ते मान्य केले नाही. त्यांची पहिली उपसंपदा अबाधित राहिली. थुल्लच्चय नावाच्या आपत्तीची कबुली तेवढी द्यावयाची होती. ती देऊन ते संघात पूर्ववत बसले, आणि त्यांची नावे ग्रंथाने नोंदविलेली नाहीत.