औद्योगिक शेडमधील वायुवीजन : उर्से (ता. मावळ) परिसराच्या संदर्भात संकल्पनपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे उर्से हे नाव प्रवाशांच्या परिचयाचे आहे. उद्योगक्षेत्राला ते फिनोलेक्स समूहाच्या केबल व पीव्हीसी पाइप उत्पादनामुळे ठाऊक आहे. भाताच्या खाचरांलगत पोलादी सांगाडा आणि रंगीत पत्रे यांच्या उंच शेड उभ्या राहणे हे आता मावळ तालुक्याच्या पूर्व भागाचे नित्याचे दृश्य झाले आहे. प्रस्तुत लेख म्हणजे येथील कोणत्याही एका कारखान्याचे परीक्षण नव्हे. अशा इमारतींतील हवा ज्या पद्धतीने कागदावर ‘ठरवली’ जाते, त्या पद्धतीची चिकित्सा करणे एवढाच त्याचा हेतू आहे. ती पद्धत शेडच्या घनफळाचा हिशेब चोख मांडते, परंतु त्या शेडमध्ये श्वास घेणारा माणूस कोठे उभा आहे हे विचारत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

हवाबदलांचा हिशेब :

प्रचलित पद्धत सोपी आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या तक्त्यात कारखाने व कार्यशाळांसाठी ताशी ८ ते १० हवाबदल सुचविलेले आहेत. शेडच्या घनफळाला या अंकाने गुणावयाचे, येणाऱ्या आकड्याला एका पंख्याच्या क्षमतेने भागावयाचे, की पंख्यांची संख्या मिळते. उदाहरणार्थ, ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद व सरासरी ९ मीटर उंच अशी शेड घेऊ. तिचे घनफळ १६,२०० घनमीटर. ताशी ८ हवाबदलांनुसार सेकंदाला ३६ घनमीटर हवा लागेल. आता या शेडमधील यंत्रे व भट्ट्या मिळून ६० किलोवॅट उष्णता बाहेर टाकत असतील, तर एवढी हवा सुमारे दीड अंशाने तापून बाहेर पडेल. हीच उष्णता ३०० किलोवॅट असेल, तर तीच हवा सुमारे ७ अंशांनी तापेल. उन्हाळ्यातील ३८ अंशांवर आणखी ७ अंश म्हणजे काय, हे कामगाराला सांगावे लागत नाही. तरीही दोन्ही शेडसाठी तक्त्याचे उत्तर एकच आहे. गंमत अशी, की छप्पर ९ ऐवजी १२ मीटरवर नेले तर उष्णतेत काडीचाही फरक न पडता हवेची ‘गरज’ ३६ वरून ४८ घनमीटरवर जाते.

या हिशेबातील विसंगती कायद्याच्याच आधाराने दाखविता येते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १६ नुसार प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा आवश्यक होती, आणि ती मोजताना जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची पोकळी धरावयाची नाही असे स्पष्ट बंधन होते. आढ्याखालची हवा कामगाराच्या उपयोगाची नाही, हे कायदा करणाऱ्यांना त्या वेळीच उमगले होते. हवाबदलांचा तक्ता मात्र ती सगळी पोकळी हिशेबात घेतो. यावर असा युक्तिवाद होऊ शकेल, की त्यामुळे हवेचे प्रमाण वाढतेच, मग बिघडले कोठे? बिघडते ते हवेच्या मार्गात. भिंतीच्या वरच्या पट्ट्यातील लुव्हरमधून हवा आत येते आणि लगतच्याच पंख्यातून बाहेर जाते. कागदावर ८ हवाबदल पूर्ण होतात आणि दाबयंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावरील घाम वाळत नाही.

छपरावरील टर्बो पंख्यांबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. वीज लागत नाही आणि ते फिरताना दिसतात, या दोन गुणांवर ते खपतात. वरील शेडमध्ये आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या वाटांमध्ये ६ मीटरचे उभे अंतर आहे आणि आतील हवा ७ अंशांनी अधिक तापलेली आहे असे मानले, तर केवळ उष्ण हवेच्या चढणीवर ३६ घनमीटर हवा वाहण्यासाठी खाली सुमारे ५२ व वर सुमारे ५२ चौरस मीटर मोकळी वाट लागते. ६०० मिलिमीटर व्यासाच्या एका टर्बो पंख्याची वाट ०.२८ चौरस मीटर भरते. वाऱ्याचा आधार नसेल तेव्हा या हिशेबाने असे १८० हून अधिक पंखे लागतील. वीस-पंचवीस पंखे बसवून ‘नैसर्गिक वायुवीजन’ साधल्याचे समाधान मानणे हा निव्वळ भाबडेपणा होय. याउलट ६० मीटर लांबीच्या आढ्यावर केवळ ९० सेंटिमीटर रुंदीची सलग, वरून झाकलेली वाट ठेवली तर ५४ चौरस मीटर सहज मिळतात. मावळातील जुन्या कौलारू घरात चुलीचा धूर आढ्याजवळूनच बाहेर पडत असे. त्यासाठी कोणी गणित मांडले नव्हते.

पाऊस, पत्रा आणि दिशा :

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पुणे शहरात साधारण ७०० मिलिमीटर. उर्से या झपाट्याने उतरत जाणाऱ्या पट्ट्यात वसले आहे. मोसमी वारे पश्चिमेकडून येतात व त्यांच्याबरोबर तिरका पाऊस. परिणामी पश्चिमेकडील खालच्या लुव्हरवर जूनमध्ये पत्रे किंवा ताडपत्री चढते, आणि एकदा चढलेली ताडपत्री दसऱ्यापर्यंत, क्वचित पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही उतरत नाही. आत येणारी वाट बंद झाली, की वरचे पंखे कितीही फिरले तरी ओढणार काय? शेडची दिशा वाऱ्यावरून ठरत नाही. ती भूखंडाच्या हद्दीवरून आणि पुष्कळदा रस्त्यावरून नाव दिसावे या हौसेवरून ठरते.

बाष्पीभवनाने थंडावा देणाऱ्या यंत्रणेचेही असेच आहे. एप्रिलच्या कोरड्या दुपारी, हवा ३८ अंश व ओल्या फुग्याच्या तापमापीवर २१ अंश असताना, चांगली यंत्रणा हवा २५ अंशांच्या आसपास आणू शकते. जुलैत हवा २६ व ओला फुगा २४ दाखवीत असताना तीच यंत्रणा जेमतेम दीड अंश कमी करते आणि आधीच दमट हवेत ओल मिसळते. एकाच संकल्पनेवर वर्ष काढणे येथे शक्य नाही. त्यातच उघड्या पत्र्याचा प्रश्न आहे. उन्हात तापलेला पत्रा खालच्या माणसाला किरणोत्सर्जनाने भाजतो. ती उष्णता हवा बदलून जात नाही. पत्र्याखाली उष्णतारोधक थर घालणे हाच त्यावरील उपाय आहे, आणि खर्च कमी करावयाची वेळ आली की अंदाजपत्रकातून पहिल्यांदा वगळला जातो तोही हाच थर.

धूर जेथे निघतो तेथे :

१९४८ च्या अधिनियमाचे कलम १४ या बाबतीत आजच्या अनेक आराखड्यांपेक्षा अधिक शास्त्रीय होते. धूळ वा धूर जेथे उत्पन्न होतो त्याच्या शक्य तितक्या जवळ शोषणयंत्रणा असावी, असे त्यात म्हटले होते. यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. शोषणनळीच्या तोंडापाशी हवेचा जो वेग असतो, तो तोंडाच्या व्यासाइतक्याच अंतरावर जवळपास एक-दशांशावर येतो. वितळजोडाच्या ठिणगीपासून हातभर दूर टांगलेले धुराडे म्हणूनच शोभेचे ठरते. शेडभर पंखे लावून धूर ‘पातळ’ करण्याच्या प्रयत्नात तो जोडाऱ्याच्या तोंडावरून नेला जातो, ही बाब संकल्पकांच्या ध्यानातच येत नाही.

आता १९४८ च्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्या कलम २३ मध्ये वायुवीजन, तापमान, आर्द्रता, धूळ व धूर यांचा उल्लेख आहे. तपशील मात्र नियमांवर सोपविलेला आहे. जुन्या अधिनियमात छप्पर व भिंती यांच्या रचनेविषयी जी थेट वाक्ये होती, त्यांचे बळ आता नियमांच्या शब्दयोजनेवर अवलंबून राहील. केंद्राच्या जुन्या आदर्श नियमावलीत दोन चांगल्या गोष्टी होत्या : जमिनीपासून दीड मीटर उंचीवर मोजलेले ओल्या फुग्याचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ नये, आणि हवेचा वेग मिनिटाला किमान ३० मीटर असावा. येथे मोजमाप माणसाच्या उंचीवर आहे. त्याच नियमावलीतील दुसरी तरतूद, यांत्रिक साधने नसल्यास जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १५ टक्के वाटा ठेवण्याची, आमच्या उदाहरणातील शेडला २७० चौरस मीटर वाट मागते. प्रमाण उदार आहे. परंतु त्यातील किती वाट पावसात उघडी राहते, हे ती विचारत नाही.

तळेगावजवळच औद्योगिक विकास महामंडळाचे पुष्पोत्पादन उद्यान आहे. नैसर्गिक वायुवीजनाचे हरितगृह उभारताना माथ्याची झडप वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस ठेवण्याची काळजी घेतली जाते, कारण वारा व पाऊस थेट आत शिरल्यास गुलाबाचे पीक बिघडते. नवे नियम तयार करताना या झडपेकडे पाहण्यास हरकत नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाणाऱ्या नकाशावर पंख्यांच्या संख्येऐवजी यंत्रांची उष्णता किलोवॅटमध्ये, हवेची आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट बाणांनी, आणि पावसाळ्यात उघडी राहणारी वाट चौरस मीटरमध्ये दाखविणे बंधनकारक करता येईल. शेड सुरू झाल्यावर तपासणी दोनदा व्हावी : एकदा एप्रिलच्या दुपारी, आणि एकदा जुलैत, ताडपत्री चढलेली असताना, दीड मीटर उंचीवर.