शाप, पशू आणि वाक्य : वोदुन परंपरेतील ‘बो’चे वाचन

वोदुन परंपरेतील शाप आणि प्राण्यांच्या अवशेषांपासून सिद्ध केलेले तोडगे यांची वर्णने विपुल आहेत. त्यांचे वाचन त्या मानाने थोडे झाले आहे. प्रवासवृत्ते, धर्मप्रसारकांच्या नोंदी आणि संग्रहालयांच्या सूची यांतून ते बहुधा यादीच्या रूपाने समोर येतात : अमुक पक्ष्याची पिसे, तमुक प्राण्याची कवटी, त्यांचा अमुक परिणाम. यादी हा वर्णनाचा सर्वांत निरुपद्रवी प्रकार वाटतो. वस्तुतः तोही एक अर्थनिर्णयच असतो. यादीत कर्ता नसतो, प्रसंग नसतो आणि मुख्य म्हणजे उक्ती नसते. तोडग्यातून उक्ती वजा केली की ‘अंधश्रद्धा’ तेवढी शिल्लक राहते.

आजच्या बेनिन देशाच्या दक्षिण भागात, म्हणजे पूर्वीच्या दाहोमे राज्याच्या प्रदेशात, फॉन भाषेत अशा सिद्ध वस्तूला ‘बो’ म्हणतात आणि तिच्या मानवाकृती रूपाला ‘बोचिओ’. ‘चिओ’ म्हणजे शव. लाकडी आकृतीभोवती दोर आवळलेले असतात. त्यांत खुंट्या, कुलपे, लोखंड, कवड्या, पिसे, हाडे, कवट्या गुंतवलेल्या असतात. ‘बो’ रक्षण करतो आणि घातही करतो. मराठीत या दोन कार्यांसाठी ‘ताईत’ आणि ‘करणी’ असे निरनिराळे शब्द असल्यामुळे मराठी वाचक नकळत एकाच वस्तूचे दोन तुकडे करण्याचा संभव आहे. तथापि ‘करणी’ या शब्दातच ‘करणे’ हा धातू टिकून आहे, ही गोष्ट येथे उपकारक ठरते. श्रद्धा ही मनातली गोष्ट असेल. करणी ही कोणीतरी, कोणासाठी तरी, विशिष्ट प्रसंगी केलेली कृती असते.

या कृतीचे स्पष्टीकरण फ्रेझरने सादृश्य आणि संसर्ग या दोन तत्त्वांनी केले. रोमान याकबसनने १९५६ मध्ये याच विभागणीचा संबंध रूपक आणि लक्षणा या भाषेच्या दोन अक्षांशी जोडला. साहित्यविचाराच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे होते, कारण त्यामुळे जादू ही चुकलेले विज्ञान न राहता एक चिन्हव्यवस्था ठरली. पण ही मांडणी चिन्हे एकमेकांशी कशी जोडली जातात एवढेच सांगते. ती कोण जोडतो आणि कोणाविरुद्ध, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

तो प्रश्न विचारल्यावर पशूचे स्थान बदलते. दाहोमेच्या राजांची बलनामे वाक्यांतून, म्हणीवजा घोषणांतून घडलेली असत आणि त्या वाक्यांतला प्राणी राजाचे चिन्ह होई. ग्लेलेचा सिंह आणि बेहांझिनचा शार्क मासा यांच्या मानवपशुरूप प्रतिमा प्रसिद्ध आहेत. शार्कमध्ये तर किनाऱ्यावरून येणाऱ्या आक्रमकाला दिलेले आव्हान वाचले जाते. म्हणजे येथील पशू हा केवळ शौर्याचे किंवा क्रौर्याचे प्रतीक नव्हे. तो वाक्याचा संक्षेप आहे. वाक्य ज्याला ठाऊक नाही त्याला सिंह दिसेल, पण वाचता येणार नाही.

सुझॅन प्रेस्टन ब्लायर यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात राजांच्या बोचिओंपासून सामान्य जनांचे बोचिओ वेगळे काढले आहेत, ते याच संदर्भात अर्थपूर्ण वाटते. राजाची प्रतिमा सुघड असते. सामान्यांची खडबडीत, आवळलेली, माखलेली. ज्या समाजात शतकानुशतके माणसे धरून, बांधून किनाऱ्यावर विकली गेली, तेथे दोराने आवळलेली आकृती ही निव्वळ शैलीची बाब असू शकत नाही, याकडे ब्लायर यांनी लक्ष वेधले आहे. राजाचे वाक्य दरबारात उच्चारले जाते, म्हणून त्याला पशूचे एक चिन्ह पुरते. ज्याला दरबारात वाचाच नाही, त्याला आपले वाक्य हाडे, गाठी आणि कुलपे यांत ओवावे लागते.

शापाचे स्वरूप येथे उलगडते. जे. एल. ऑस्टिनच्या मांडणीत कृतिरूप उक्ती सफल होण्यासाठी बोलणाऱ्याला तसा अधिकार असावा लागतो. पुराणकथांतील ऋषीला तो तपाने मिळतो. म्हणूनच तेथे शापाबरोबर उःशापही देता येतो. वोदुनमधील शाप देणाऱ्याजवळ असा संचित अधिकार नसतो. तो त्याला घडवावा लागतो, आणि ‘बो’ म्हणजे हा घडवलेला अधिकार होय. सत्तेने तो ओळखलाही होता. गुलामांना विष आणि तोडगे पुरवल्याच्या आरोपावरून १७५८ मध्ये सां-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, माकांदाल याला जाळण्यात आले. तोडग्याच्या पुडक्यांना त्याचेच नाव मिळाले आणि ती करण्यावर वसाहतीच्या न्यायसभेने बंदी घातली. केवळ भ्रम असता तर बंदीची गरज पडली नसती.

सां-दोमँगमधून निर्वासितांबरोबर या परंपरेचे काही धागे न्यू ऑर्लिन्सला पोहोचले आणि काँगो, कॅथलिक व स्थानिक घटकांत मिसळले. त्या मिश्र परंपरेविषयी झोरा नील हर्स्टन यांनी १९३५ च्या ‘म्यूल्स अँड मेन’मध्ये जे लिहिले, त्यात वाचनाच्या दोन्ही रीती एकत्र सापडतात. ग्रंथाच्या परिशिष्टात तोडग्यांच्या कृती आणि साहित्य यांची यादी आहे. मुख्य निवेदनात मात्र काळ्या मांजराच्या हाडाचा विधी प्रसंग म्हणून येतो. उकळत्या पाण्यात टाकलेले मांजर किंचाळते तेव्हा निवेदिकेला त्याला शाप द्यावा लागतो. मग हाडे तोंडातून फिरवून कडू लागणारे हाड निवडायचे असते. येथे शाप आणि पशू यांचा सांधा वाचकाला आतून दिसतो, आणि त्यातले क्रौर्यही झाकलेले नाही. त्याच ग्रंथातील शापप्रार्थनेची रचनाही पाहण्यासारखी आहे. ती आरंभी शत्रूचे वाईट चिंतीत नाही; आपल्यावर खोटे आळ आले, आपल्या सद्हेतूंचा विपर्यास झाला, हे आधी सांगते. रचनेच्या दृष्टीने ती प्रथम फिर्याद आहे, नंतर शाप. ज्या कृष्णवर्णीयांना दक्षिणेतील न्यायालयात न्याय मिळण्याची शाश्वती नव्हती, त्यांच्यात ही रचना टिकून राहावी यात नवल नाही.

याचा अर्थ शापाचे उदात्तीकरण करावे असा नव्हे. शापाचा संशय दुर्बळांवरही उलटतो. १९७० च्या दशकात बेनिनच्या मार्क्सवादी राजवटीने चेटूकविरोधी मोहीम चालवली, तेव्हा वृद्ध स्त्रिया तिच्या लक्ष्य झाल्या. ‘बो’ला संहिता मानण्याने तो निर्दोष ठरत नाही, त्याची जबाबदारी कोणावर, हे मात्र विचारता येते. यादीला तोही प्रश्न विचारता येत नाही.

१८९२ मध्ये फ्रेंच सैन्याने अबोमेहून लुटलेल्या वस्तूंपैकी २६ वस्तू फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये बेनिनला परत केल्या. त्यांत सिंहरूप ग्लेले आणि शार्करूप बेहांझिन होते. पॅरिसमध्ये शतकाहून अधिक काळ त्यांच्याकडे आकृती म्हणून पाहिले गेले. वस्तू परत देणे हे कायद्याचे काम होते. आकृतीला तिचे वाक्य परत देणे हे वाचनाचे काम आहे. आणि ज्यांची नावे कोणत्याही सूचीत नाहीत अशा सामान्यांच्या गाठी मारलेल्या बोचिओंच्या बाबतीत ते जवळजवळ सगळेच बाकी आहे.